छप्पर बरोबर घेऊन माहेरी

बीडच्या बाहेर माझा वजनकाटा आहे. कापसाच्या, उसाच्या, वाळूच्या, कडब्याच्या गाड्या त्यावर चढतात, मी वजन सांगतो आणि पावती देतो. या धंद्यानं मला एक खोड लावली आहे. गाडी दिसते कशी, हे मी बघत नाही. ती उगाचचं किती ओझं वाहते, हे आधी बघतो. पुण्याहून येताना माझा काटा आधी लागतो आणि घर नंतर. त्यामुळे माझा साडू त्याची नवी कॅम्पर व्हॅन घेऊन आला तेव्हा हारतुऱ्याआधी मी ती काट्यावर चढवायला लावली.

साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, पुण्यात एका कंपनीत बऱ्या हुद्द्यावर आहे. त्याला दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी होतं. एकदा महागडी सायकल झाली, एकदा आकाशातले ग्रह बघायची दुर्बीण झाली, एकदा बाल्कनीत अळंबी लावून झाली. आता ही व्हॅन. एक जुनी प्रवासी गाडी घेऊन त्यानं तिच्यातली बाकडी काढली होती आणि आत एक मोठा पलंग, दोन बर्नरची शेगडी, हात धुवायचं बेसिन, लहानसा फ्रिज आणि कपाटाएवढ्या खोलीत संडास-मोरी बसवून घेतली होती. टपावर सोलर होतं. बाजूला ओढलं की पुढे येणारं कापडी छत होतं. बाहेरून पांढरी, खिडक्यांना पडदे.

कागदावर रिकाम्या गाडीचं जे वजन होतं, त्यापेक्षा काट्यानं सातशे ऐंशी किलो जास्त दाखवलं. त्या वेळी आत माणूस नव्हतं.

"पाणी किती आहे?" मी विचारलं.

"दीडशे लिटर."

"म्हणजे दीडशे किलो. बाकीचे सहाशे तीस कशाचे?"

"साडूभाऊ, सगळं लागतं बाहेर."

मी दार उघडून बघितलं. चार माणसांसाठी सहा घडीच्या खुर्च्या होत्या. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, एक पातेलं होतं, त्याचं नुसतं झाकण मला एका हातानं उचलेना. कॉफी दळायचं यंत्र, झाडाला बांधायचा झोपाळा, आणि एक गुंडाळी.

"हे काय?"

"गवत आहे. प्लॅस्टिकचं. गाडीबाहेर अंथरायचं, त्यावर खुर्च्या टाकायच्या. फील येतो."

चैत्रात बीड जिल्ह्यात खरं गवत डोळ्यांना दिसत नाही, हे कबूल. पण ज्या जनावरांना ते दिसत नाही, त्यांच्यासमोर प्लॅस्टिकचं अंथरून वर खुर्ची टाकून बसायचं, याला काय म्हणावं ते मला त्या वेळी सुचलं नाही. आजही सुचत नाही.

असल्या गाडीतून हिंडायची हौस ज्यांना असेल, त्यांना माझा पहिला सल्ला आहे. घरून निघायच्या आधी गाडी पूर्ण भरा, पाणी भरा, माणसं बसवा आणि काट्यावर न्या. एकदा सगळी गाडी, एकदा नुसती मागची चाकं. पलंग, पाणी आणि संडास हे सगळं लोक मागच्या बाजूला कोंबतात, पुढे नुसता हौशी ड्रायव्हर असतो. मग घाटात उतरताना गाडी ऐकत नाही आणि दोष ब्रेकला जातो. जे सामान पहिल्या दोन मुक्कामांत हाताला लागलं नाही, ते तिसऱ्या खेपेला घरी ठेवा. साडूनं हे ऐकलं, मान हलवली आणि पातेलं जागच्या जागी ठेवलं.

आता ही गाडी आमच्या दारात का आली होती, ते सांगतो. साडूचं कारण म्हणजे 'ग्रामीण भाग एक्सप्लोर करणं'. ते सोडून द्या. खरं कारण मेहुणीचं होतं.

माझ्या बायकोचं माहेर केज तालुक्यात, केजपासून आत गेलं की. तिथं सासूबाई आणि माझा मेहुणा, म्हणजे या दोघी बहिणींचा भाऊ, राहतात. पूर्वी ते घर माळवदाचं होतं. लाकडाचे सर, वर फळ्या आणि वर हातभर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात आत शिरलं की घाम सुकायचा. मेहुण्यानं ते पाडलं आणि स्लॅब टाकला. त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माळवद दर पावसाळ्याआधी मातीनं दुरुस्त करावं लागतं आणि ते करणारा तो एकटा होता. पण स्लॅबच्या पहिल्याच उन्हाळ्यात मेहुणी माहेरपणाला गेली आणि दुपारी पंख्याखाली पडल्या पडल्या म्हणाली, "बाबांचं माळवद पाडून दादानं भट्टी बांधली."

मेहुणा ओसरीतच होता. तो म्हणाला, "छप्पर मी टाकलंय. ज्याला भट्टी वाटती त्यानं येऊ नये."

ती उठली, पिशवी भरली आणि म्हणाली, "तुझ्या छपराखाली मी पुन्हा रात्र काढणार नाही."

माझ्या सासरचे लोक दिलेला शब्द पाळतात. शहाणपणाचा शब्द असेल तर विसरतात, खुळेपणाचा असेल तर मात्र मरेपर्यंत पाळतात. तेव्हापासून मेहुणी माहेरी गेली की दुपारपुरती जायची, आईजवळ बसायची आणि ऊन कलायच्या आत बीडला आमच्याकडे मुक्कामाला यायची. भाऊ आणि ती एकमेकांशी थेट बोलत नव्हते. आईला इकडे आणावं म्हटलं तर तिचा वेगळाच नेम. लेकीच्या घरी चहापाणी घ्यावं, मुक्काम करू नये. आमच्याकडे ती आजवर एक रात्र राहिलेली नाही. म्हणजे लेकीला आईच्या घरी झोपायचं नाही आणि आईला लेकीच्या. सासूबाई आता काठी घेऊन चालतात. मेहुणीला एक रात्र आईच्या शेजारी झोपायचं होतं. एवढंच.

साडूनं व्हॅन घेतली तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भावाचं छप्पर नको ना, मग आपलं छप्पर बरोबर न्यायचं. त्याच्या अंगणात गाडी लावायची, आईला गाडीत घ्यायचं आणि रात्रभर बोलत बसायचं. शब्दही राहतो आणि आईही मिळते. माझी बायको या बेतावर इतकी खूश झाली की मी काट्यावर माणूस बसवून चार दिवस मोकळे केले. मला नेलं ते वाट दाखवायला, असं सांगितलं. खरं म्हणजे भाऊ-बहिणींच्या मध्ये निरोप्या म्हणून नेलं.

पहिला मुक्काम सरावासाठी बीडजवळच्या नारायणगडाला केला. साडूनं आधी पायथ्याची एक जागा पसंत केली, कारण तिथून 'सनसेट' दिसत होता. जमीन उताराची होती. चाकाखाली घालायच्या प्लॅस्टिकच्या पाचरी त्यानं आणल्या होत्या; मी शेजारच्या बांधाचे दोन दगड घातले, तेवढ्यानं भागलं. तरी डोकं खालच्या बाजूला आलं. तेव्हा दुसरा सल्ला : गाडी लावल्यावर आधी एका ताटलीत पाणी घालून ओट्यावर ठेवा. पाणी कुठं जातं, ते बघा. तिकडे पाय करून झोपा. यासाठी मोबाइलमध्ये काही घालायची गरज नाही.

बायकोनं आतल्या शेगडीवर तव्यावर हिरव्या मिरच्या भाजल्या, ठेच्यासाठी. बंद गाडीत मिरची भाजायची नसते, हे आम्हाला पहिल्या मिनिटात कळलं. गॅसची गळती ओळखणारी एक डबी साडूनं छताला लावली होती, ती किंचाळायला लागली. चौघेही खोकत बाहेर आलो. दर्शन करून खाली येणारे लोक थांबले.

"काय झालं, पेटली का?"

"न्हाई, ठेचा हाय," माझी बायको म्हणाली.

एक गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "भक्तनिवास मोकळा पडलाय. गाडीत कशापायी झोपता? लेकरंबाळं न्हाईत ना आत?" साडू त्यांना कॅम्पिंग समजावून सांगायला लागला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी काई भांडण झालंय का?"

आमच्या भागात गाडीत झोपणाऱ्या माणसाबद्दल दोनच कल्पना आहेत. एक, त्याला घरातून हाकललंय. दोन, गाडी बंद पडलीय. तिसरी कल्पना तुम्ही घेऊन आलात तर ती प्रत्येक गावात पहिल्यापासून सांगावी लागते. म्हणून तिसरा सल्ला : ओळखीच्या मुलखात कॅम्पिंग करू नका. तुम्हाला गाडीत झोपूच देणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी केजला जायला पुन्हा बीडवरूनच निघालो, माझ्या घराच्या वळणावरून. म्हणजे पहिली रात्र मी माझ्या गादीपासून तासाभराच्या अंतरावर, डोकं खाली आणि पाय वर करून काढली होती. नेकनूरला भाजी घ्यायला थांबलो. दोघी बाजारात गेल्या, साडू आणि मी गाडीपाशी. बघता बघता दाराशी चारपाच म्हातारी माणसं उभी राहिली. एकानं बाही वर केली.

"साखर तपासायची हाय."

"बाबा, हा दवाखाना नाही," मी म्हटलं.

"मग डोळ्याचं हाय का?"

"नाही. घरची गाडी आहे."

"आत पलंग दिसतोय की."

"झोपायला आहे."

त्यांनी बाही खाली केली आणि मागच्याला सांगितलं, "आज न्हाई बघत म्हणं. डाक्टर झोपतोय."

केज सोडून आत वळलो. गावात शिरताना लोंबणारी वायर टपावरच्या सोलरला घासली. साडू खाली उतरून वर बघत राहिला, मी काठीनं वायर उचलून धरली आणि त्याला गाडी खालून काढायला लावली. आपल्या गाडीची उंची ड्रायव्हरसमोर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा, हा चौथा सल्ला. अंदाजानं आकडा सांगणारा माणूस मी काट्यावर कधीच खरा ठरलेला बघितला नाही.

मेहुणा अंगणात उभा होता. आठवड्याची दाढी, खांद्यावर टॉवेल. गाडीकडे त्यानं टपापासून चाकापर्यंत बघितलं.

"या दाजी. पाव्हण्यांना इचारा, गाडी लिंबाच्या सावलीला लावायची का?"

मेहुणी माझ्या शेजारी, भावापासून चार हातांवर उभी. ती म्हणाली, "दाजी, त्यांना सांगा, आमच्या गाडीला सावली आहे." आणि साडूनं तेवढ्यात ते कापडी छत ओढलं. ते अर्ध्यात अडकलं.

"अर्धी सावली दिसती," मेहुणा मला म्हणाला.

मग साडूनं पाण्याचे मोठे जार खाली उतरवले. पिण्याचं पाणी त्यानं पुण्याहून आणलं होतं. पोट बिघडू नये म्हणून खबरदारी, असं त्याच्या यादीत होतं. मेहुणा त्या जारांकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर जे आलं, ते कुणी आपल्याला शिवी दिल्यावर येतं.

"पुण्याहून पाणी? आमी काय पाव्हण्याला गटाराचं पाजतो का दाजी? दुष्काळात टँकर यायचा तवासुदिक या दारातनं कुणी तहानलेलं गेलं न्हाई."

"तसं नाही हो दादा, ते मिनरल..." साडू म्हणाला. मिनरल या शब्दानं कुणाचाही राग आजवर गेलेला नाही.

जेवणाचं माझ्या बायकोनं निस्तरलं. मेहुणी गाडीतली शेगडी पेटवायला निघाली तर वहिनी, म्हणजे मेहुण्याची बायको, पुरणाचे हात तसेच घेऊन दारात आली आणि रडवेली होऊन उभी राहिली. शेजारची एक बाई भिंतीवरून मोठ्यानं म्हणालीच, "लेक म्हायेराला आली आन् गाडीत भाकरी थापती!" तेव्हा बायको बहिणीला म्हणाली, "तुझी शपथ छपराची आहे. पुरणाची नाही." मेहुणी गाडीच्या पायरीवर बसून जेवली. वहिनी घरातून गाडीपर्यंत पोळ्या वाढत फिरली. माझ्या हिशोबानं ती बाई त्या दुपारी केजपर्यंत चालून आली असती.

जेवणं झाल्यावर मेहुणीनं आईला हात धरून गाडीत चढवलं. सासूबाईंनी सगळं निरखून बघितलं. फ्रिज उघडला, लावला. कोपऱ्यातलं दार उघडून आत डोकावल्या.

"हे काय गं?"

"संडास, माय."

"आन् ही चूल?"

"हो."

सासूबाईंनी पलंगावर बसून एक हात शेगडीकडे केला, दुसरा त्या दाराकडे. दोन्ही हात पोचले. "चांगलं हाय," त्या म्हणाल्या, "उठायचंच काम न्हाई."

मेहुणी हसली आणि मग मनातलं बोलली. "माय, रातीला इथंच झोप माझ्याजवळ. पंखा आहे. गादी मऊ आहे."

"न्हाई बाई. लेकीच्या घरी मी मुक्काम करत न्हाई."

"अगं, ही गाडी आहे. घर कुठाय?"

"चूल हाय, अंथरूण हाय, वर छप्पर हाय. मग घर कसं न्हाई?"

एवढे दिवस ही गाडी म्हणजे घरच आहे, असं साडू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. पहिल्यांदा कुणीतरी ते खरं मानलं होतं. मेहुणी पलंगाच्या चादरीची सुरकुती हातानं सरळ करत राहिली. इतक्या लांबून सातशे ऐंशी किलो जादा ओझं ओढत ती आईपासून भिंतीएवढ्या अंतरावर आली होती, आणि ते अंतर तसंच होतं.

ऊन उतरलं तेव्हा गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं! नळ आला!"

ज्यांच्याकडे रोज पाणी येतं, त्यांना हे समजायचं नाही. आमच्याकडे नळ कधी आठ दिवसांनी येतो, कधी त्याहून उशिरा, आणि किती वेळ राहील, ते नळालाच ठाऊक. तो आला की माणूस हातातला घास ठेवून उठतो. रिकामं भांडं दिसलं की ते भरायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. पातेली, कळश्या, पिंप, लेकराची बाटलीसुद्धा. आणि पहिली धार आधी आपल्या पिंपाला, मग दुसऱ्याला.

मेहुण्यानं पहिली धार गाडीला दिली.

पाइप ओढत तो सरळ व्हॅनकडे गेला. जारांचं त्याच्या मनात सलत होतं. गाडीच्या कुशीला दोन झाकणं होती. वरचं चांगल्या पाण्याचं. खालचं सांडपाण्याच्या टाकीचं, ती धुऊन काढायला ठेवलेलं. दोन्हीवर इंग्रजीत बारीक अक्षरं. मेहुण्याला खालचं सोयीचं पडलं. त्यानं झाकण काढलं, पाइप आत घातला, वर फडक्याचा बोळा कोंबला, थेंब वाया जाऊ नये म्हणून, आणि तो उभा राहिला. साडू त्या वेळी प्लॅस्टिकचं गवत अंथरत होता.

"भरू द्या टिच्चून," मेहुणा मला म्हणाला. "सांगा त्यांना, पुण्याला जाईस्तोवर पुरंल."

सांडपाण्याची टाकी लहान असते आणि सकाळच्या चौघांच्या आंघोळींनी ती निम्मी भरलेली होती. ती भरल्यावर पाणी जिथून आत जातं, तिथूनच उलटं वर येतं. मोरीच्या जाळीतून ते आधी बुडबुडलं, मग साबणासकट उसळलं, उंबरा ओलांडून पलंगाखाली गेलं आणि मधल्या वाटेत गुंडाळून ठेवलेल्या गाद्यांनी ते पिऊन घेतलं. मग पायरीवरून बाहेर यायला लागलं.

आणि इथं ते घडलं जे जगात दुसरीकडे कुठं घडलं नसतं. गाद्या उचलायला कुणीही धावलं नाही. वहिनी घमेलं घेऊन धावली. माझी बायको बादली घेऊन धावली. भिंतीवरची शेजारीण तिची परात घेऊन आली. सगळ्यांनी गाडीच्या दारातून पडणारं पाणी झेलायला सुरुवात केली. "धरा धरा, वांग्याला व्हतंय!" मेहुणीसुद्धा, जिच्या गाद्या आत भिजत होत्या ती, पायरीखाली तांब्या धरून उभी होती. पाइप काढायचं मात्र कुणाच्या ध्यानात येईना, कारण चालू नळ बंद करायची आमच्या हाताला सवय नाही.

एक माणूस रस्त्यावरून जाता जाता मेहुण्याला ओरडला, "काय बे, गाडीला न्हाऊ घालतो का? बाळंत झाली का काय?"

शेवटी साडूनं पाइप उपसला. सीटखालचा इन्व्हर्टर भिजला होता; आतले दिवे गेले, पंखा गेला. तो एका खुर्चीवर, प्लॅस्टिकच्या गवतावर बसून राहिला. ते गवत तेवढं कोरडं होतं.

मेहुणा पाइप हातात घेऊन उभा. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पिंपाआधी दुसऱ्याचं भरलं, आणि हे झालं. "मला काय म्हाईत," तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही. "भोक दिसलं, भरलं."

पाचवा सल्ला इथंच सांगून टाकतो. झाकणांवर मराठीत लिहा. चांगलं पाणी. घाण पाणी. वीतभर अक्षरांत. गाडी तुमची असली तरी ती भरणारा हात तुमचा असेल असं नाही.

मेहुणीनं तांब्या खाली ठेवला, पदरानं हात पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "चला. निघू. आक्काच्या घरी झोपू."

माझ्या बायकोनं माझ्याकडे बघितलं, जणू याचंही वजन मी काट्यावर करून सांगणार होतो. मी निरोप्या, पण मला कुणी निरोप दिला नाही. मेहुण्यानं 'थांब' म्हणायला तोंड उघडलं, ते बहिणीशी थेट बोलणं झालं असतं म्हणून मिटलं.

तेवढ्यात घरातून काहीतरी खरखरत घासत येण्याचा आवाज आला. सासूबाई उंबऱ्याशी होत्या. काठी काखेत धरून त्यांनी आपली बाज दारातून बाहेर ढकलत आणली होती. ती दारात आडवी अडकली.

"माय, काय करती?" मेहुणा धावला.

"तू सर."

"अगं पडशील! कुठं न्यायची?"

"भाईर."

त्यानं एक बाजू धरली. दोघांनी बाज लिंबापलीकडे मोकळ्यात आणून ठेवली. सासूबाईंनी वर बघितलं, झाडाची फांदी येत नाही ना हे पाहिलं आणि बाज आणखी थोडी सरकवायला लावली. मग बसल्या आणि लेकाला म्हणाल्या, "छप्पर तू टाकलं. आभाळ तर तू टाकलं न्हाईस ना?"

मेहुण्यानं बाजेखालचा एक खडा पायानं बाजूला सारला.

मग लेकीकडे वळल्या. "आन् हे आभाळ काई तुझंबी घर न्हाई. ये. पड हितं."

मेहुणीनं गाडीचं दार लोटून घेतलं. मग चपला काढून आली आणि आईच्या बाजेवर, पायथ्याशी बसली. सासूबाईंनी तिचा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "टाचा बघ कशा झाल्यात. पुण्यात तेल मिळत न्हाई का?"

मेहुण्यानं आत जाऊन दुसरी बाज आणली. मग शेजारून एक आणली. माझ्यासाठी पोत्यावर सतरंजी टाकली. सगळं असं, जणू त्याला हे कुणीतरी कामच सांगितलं होतं. शेवटी वहिनी उशी बगलेत मारून दारात आली.

"सगळे भाईर? मग मी एकलीच भट्टीत झोपू का?"

भट्टी हा शब्द त्या अंगणात इतकी वर्षं कुणी उच्चारला नव्हता. मेहुणी आधी दचकली, मग हसायला लागली. मेहुण्यानं टॉवेल झटकला आणि थेट बहिणीकडे बघून म्हणाला, "डास लई हायेत. पाय झाकून घे."

एवढंच बोलला. तिनं पाय झाकले.

सकाळी गाडीच्या गाद्या भिंतीवर वाळत होत्या आणि आम्ही सगळे चांगले झोपलो होतो, मी तर नारायणगडापेक्षा नक्कीच चांगला. यासाठी गाडी लागत नाही. चैत्रात आमच्या जिल्ह्यातली अर्धी माणसं अशीच झोपतात आणि त्याला काही नाव देत नाहीत. साडूनं मात्र नाव दिलं. त्यानं बाजांचे फोटो काढून मोबाइलवर टाकले आणि खाली इंग्रजीत लिहिलं की मराठवाड्यात उघड्या आभाळाखाली अस्सल कॅम्पिंगचा अनुभव. फोटोत एका कोपऱ्यात माझे पाय आले आहेत. ते काढायला सांगितलं, त्यानं काढले नाहीत.

परत येताना मी गाडी पुन्हा काट्यावर घेतली. ओल्या गाद्यांसकट ती जाताना होती त्याहून जड भरली.

व्हॅन आता पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली असते. साडू सध्या मधमाश्यांच्या पेट्यांबद्दल बोलतो. मेहुणी एस.टी.नं येते, बीडला उतरत नाही, सरळ केजला जाते आणि तिथून जीपनं गावाला. पिशवीत एक चादर असते. भावाच्या छपराखाली ती अजून झोपलेली नाही. शब्द तो शब्द. पावसाळ्यात काय करणार, ते अजून कुणी ठरवलेलं नाही.

मध्यंतरी मी कामानिमित्त तिकडे गेलो तर ओसरीत एक नवी बाज उभी करून ठेवलेली दिसली, ताजी विणलेली, नवारीचा वास अजून गेलेला नव्हता. मेहुण्याला विचारलं, कुणासाठी?

"पुण्याच्या पाव्हण्यांना," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेला.